तीन लाख सात हजार चार कोस

या रे सगळे, पांघरुणं ओढा. आणि मधूनमधून हुंकार द्या बरं का, नाहीतर मी भिंतीशी बोलतेय असं वाटतं मला.

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला मोठी दगडी वेस होती आणि वेशीच्या भिंतीत नऊ कोनाडे. डाव्या हाताला सहा, उजव्या हाताला तीन. त्या कोनाड्यांत पणत्या लावायच्या. तुम्ही म्हणाल, आजी, कोनाड्यात पणती लावली त्यात नवल ते काय? नवल आहे, ऐका.

वर्षातून एकदा, पळस फुलला की तिन्हीसांजेला एक भला थोरला पक्षी वेशीवर येऊन बसायचा. पाठ एवढी रुंद की दोन माणसं मांडी घालून बसतील. पण होता ठार बहिरा. शंख फुंका, ढोल बडवा, ढिम्म हलायचा नाही. त्याला कळायच्या त्या फक्त पणत्या. पणत्या सांगतील तेवढे कोस तो उगवतीकडे उडायचा. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. तिथे पोचला की तीनदा पंख झाडायचा आणि उलटा फिरायचा. आणि कितीही लांब जायचं असो, भात शिजायला लागतो तेवढाच वेळ त्याला पुरायचा.

पणत्या सांगतात कशा? तर वेशीला खेटून डावीकडचा पहिला कोनाडा एकंचा. तिथली एक पणती म्हणजे एक कोस. तीच पणती उचलून शेजारच्या कोनाड्यात ठेवली की झाले दहा. आणखी एक कोनाडा सरकवली की शंभर. मग हजार, मग दहा हजार, आणि टोकाचा कोनाडा लाखाचा. पणती तीच, तेल तेवढंच, वात तेवढीच. मान सगळा जागेचा! आणि वेशीच्या उजवीकडे कोसाचे तुकडे. भाकरीचे दहा तुकडे करतो ना आपण, तसा कोसाचा दहावा भाग, तो दशांश, पहिल्या कोनाड्यात. त्या तुकड्याचे पुन्हा दहा केले की शतांश, तो दुसऱ्यात. तिसऱ्या कोनाड्यात त्याचाही दहावा भाग, म्हणजे नुसता भुगाच म्हणा.

पण गावकऱ्यांची एक खोड होती. पणत्यांच्या ओळीत मधेच कोनाडा रिकामा राहिला, तर म्हणायचे, ओळीला खिंडार पडलं, आता घरातलं माणूस जाणार. म्हणून एकशे पाच कोसांवरच्या लग्नाला जायचं असलं तर हे लोक नव्याण्णव कोसांवर उतरायचे आणि उरलेले सहा कोस उन्हातून पायी तुडवायचे. हसू नका. शहाणी माणसंच असली कामं करतात.

त्या गावात एका कुंभाराच्या दोन लेकी होत्या. थोरली येसू पंधरा वर्षांची, धाकटी चिमा सात वर्षांची. येसू जिथे जाईल तिथे चिमा शेपटासारखी मागे. एका वर्षी पळस फुलला, पक्षी आला, आणि मोठी माणसं कुणाला पाठवायचं यावर भांडत बसली. तेवढ्यात चिमानं टोपलीतल्या पणत्या घेतल्या, दगडावर दगड रचून कोनाड्यांत मनाला येतील तशा मांडल्या, लावल्या, आणि चढली पक्ष्याच्या पाठीवर. तिला कुठलं खिंडार आणि कुठलं काय!

पक्षी उडाला. परत आला तेव्हा पाठ रिकामी होती. तो पक्षी परतला की एकदाच बोलायचा, कुठून आलो ते सांगायचा, आणि सांगितलं की विसरून जायचा. तो म्हणाला, "तीन लाख सात हजार चार कोस, वर पाच शतांश." आणि निघून गेला, तो पुढच्या पळसापर्यंत.

येसूचं वर्ष कसं गेलं असेल? चाकावर माती चढवायची, पण नजर उगवतीकडे. वेणी घालायला बसली की हात आपोआप दुसरं डोकं शोधायचे. सगळ्यात भीती तिला कशाची वाटायची, सांगू? चिमाचा आवाज आपण विसरू की काय, याची. मग ती एकटीच चिमासारखं बोलून बघायची आणि रडायची.

मग पळस फुलला. येसू म्हणाली, "मी जाते तिला आणायला." पाटलांनी स्वतः पणत्या मांडल्या. लाखाच्या तीन, हजाराच्या सात, एकंच्या चार आणि शतांशाच्या पाच. मधे खिंडार नको म्हणून सगळ्या सरकवून एकमेकींना चिकटवल्या. तीन, सात, चार, वेस, आणि पलीकडे पाच. झालं काय? लाखाची पणती बसली शंभराच्या जागी! पक्षी उडाला तो तीनशे चौऱ्याहत्तर कोस आणि अर्धा. येसू उतरली तर समोर कुठलासा बाजार. ती प्रत्येक पोरीचा चेहरा वळवून वळवून बघायला लागली. एकीची आई तिच्यावर ओरडली. पक्ष्यानं तिसऱ्यांदा पंख झाडले आणि येसू रडत पाठीवर चढली.

पुन्हा वर्ष. आता त्यांच्या घरी काय व्हायचं, रोज जेवताना आई चिमाचा पाट मांडायची. येसू आणि बाबांच्या मधे, रिकामा. एक दिवस येसूला ते बघवेना. ती सरकून त्या पाटावर बसली. आई हातातली भाकरी ठेवून म्हणाली, "उठ तिथून."

"आई, कोण बसतंय आता इथे?"

"कुणी नसलं म्हणून काय झालं? जागा तिची आहे. तू इकडे सरकलीस, बाबा तिकडे सरकले, तर कोण कुठलं ते कळायचं कसं? ज्यानं त्यानं आपल्या जागी बसावं आणि तिची जागा राखावी."

येसूचा घास हातातच राहिला. तिला वेशीची भिंत दिसली. दहा हजारांचा कोनाडा रिकामा, शंभराचा रिकामा, दहाचा रिकामा. कुणी नाही, पण जागा राखलेली. म्हणून तर तीन पणत्या लाखाच्या जागी टिकतात!

दुसऱ्या पळसाला पाटील म्हणाले, "पोरी, एवढी खिंडारं पाडलीस तर माणूस जाईल कुणाचंतरी."

येसू म्हणाली, "पाटीलबाबा, माझं माणूस तर गेलंच आहे. आता मी कशाला भिऊ?"

पाटील बाजूला सरकले. तिनं डाव्या बाजूच्या पणत्या बरोबर मांडल्या. पण उजवीकडे आल्यावर पाटील हळूच म्हणाले, "निदान वेशीलगतचा कोनाडा तरी भर. तुकडेच तर आहेत. एवढे तीन लाख कोस बरोबर मांडलेस, पाच तुकड्यांनी काय बिघडतंय?" आणि येसूला ते पटलं, बरं का. मोठं सांभाळलं की लहान आपोआप सांभाळलं जातं, असं वाटतं माणसाला. तिनं पाच पणत्या दशांशाच्या कोनाड्यात ठेवल्या.

पक्षी उडाला, थांबला, आणि येसू खाली बघते तर पाणीच पाणी. समुद्र! मागे वळून पाहिलं तर अर्धा कोससुद्धा नाही एवढ्या अंतरावर तळहाताएवढं बेट. बेटावर धूर. धुराशेजारी काहीतरी लहानसं उड्या मारत होतं.

"चिमे! अगं चिमे!" येसू ओरडली. पक्ष्याची मान धरून तिनं त्याला वळवून पाहिलं, बुक्क्या मारल्या. पण तो बहिरा, आणि दिव्यांखेरीज कुणाचा नव्हताच. त्यानं तीनदा पंख झाडले आणि फिरला. धूर बारीक होत होत दिसेनासा झाला.

ते तिसरं वर्ष सगळ्यात वाईट. कुठे आहे ते माहीत नसताना माणूस रडतं आणि झोपतं. इतक्या जवळून बघून आल्यावर झोप येत नाही. येसू रोज मनातल्या मनात त्या पाच पणत्या उचलायची आणि एक कोनाडा पुढे ठेवायची.

तिसऱ्यांदा पळस फुलला. येसूनं या वेळी कुणाला विचारलं नाही. लाखाला तीन. दहा हजार रिकामा. हजाराला सात. शंभर रिकामा, दहा रिकामा. एकंला चार. मग वेस. वेशीलगतचा दशांश रिकामा, आणि पुढच्या शतांशात पाच. पाटील लांब उभे होते. त्यांनी नुसते हात जोडले.

पक्षी उतरला तो बेटाच्या वाळूवर. बेटावर तिनं खाल्लं काय, म्हणून विचारू नका. नारळ होते, केळी होती, आणि गोष्टीतलं पोर कधी उपाशी राहत नाही. चिमा झोपडीतून बाहेर आली. उंच झाली होती. केस कमरेपर्यंत, सगळे गुंतलेले. ती जवळ येईना. लांबूनच म्हणाली, "आक्का, गेल्या वर्षी तूच होतीस ना? मी केवढी ओरडले! मला वाटलं, मला बघून तू परत गेलीस."

पक्ष्यानं एकदा पंख झाडले. येसू म्हणाली, "नाही गं. माझंच चुकलं. पाच तुकड्यांनी काय होतंय, म्हणाले मी."

पक्ष्यानं दुसऱ्यांदा पंख झाडले. चिमानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग जी धावत आली ती येसूला एवढी बिलगली, एवढी बिलगली, की पक्ष्यावर दोघींना एकत्रच चढावं लागलं. त्यानं तिसऱ्यांदा पंख झाडले ते त्यांना घेऊनच.

भात शिजला आणि त्या घरी आल्या. आईनं चिमाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. गेलेली तीन वर्षं काही परत मिळाली नाहीत, खोटं कशाला सांगू? सात वर्षांची चिमा गेली होती, दहा वर्षांची आली. मधली चिमा कुणीच पाहिली नाही, आणि त्याचं येसूला जन्मभर वाईट वाटत राहिलं. पण त्या दिवशी तिनं चिमाला पुढ्यात बसवलं, तेल घेतलं, आणि तो सगळा गुंता सोडवायला बसली. एकेक बट. चिमा "आई गं" म्हणायची आणि येसू म्हणायची, "ओरड, ओरड अजून. ऐकू दे मला."

मग ती सगळी सुखात राहिली. आता तुम्हीही डोळे मिटा बघू. सरका थोडे, भाऊच्या अंगावरचा पाय काढा. आता कुणी हुंकार द्यायचा नाही.