बुवांचा उंबरा

एकदा एक वृद्ध गवई मरणाला टेकले होते, आणि त्यांचे गाणे पुढे नेणारा शिष्य एकच होता. गवयांना सारा गाव बुवा म्हणे. शिष्याचे नाव भार्गव. बुवांनी आयुष्यात ना कधी ध्वनिमुद्रण करू दिले, ना शिष्यांचा गोतावळा जमवला. त्यामुळे भार्गवाच्या गळ्यात जे असेल तेवढेच मागे उरणार होते आणि बाकीचे बुवांबरोबर चितेवर जाणार होते. हे बुवांना ठाऊक होते, भार्गवाला ठाऊक होते, आणि गावातल्या रसिकांना तर इतके ठाऊक होते की त्यांतला कुणी ना कुणी रोज भार्गवाला रस्त्यात गाठून त्याची आठवण करून देई.

भार्गव पोरवयात बुवांच्या घरी शिकायला आला, तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती. "बाहेरचं काही ऐकायचं नाही. कान बाटतो." शिष्याने ती अट अशी काही मनावर घेतली की विचारू नका. समोरून वरात आली की बँड दिसेनासा होईपर्यंत हा कानांत बोटे घालून भिंतीकडे तोंड करून उभा! टपरीवर रेडिओ चालू असला तर चहा न पिताच परत फिरे. टवाळ पोरे ओरडत, "बोटं काढा भार्गवराव, वरात गेली!" त्याला राग येत नसे. उलट आत कुठेतरी अभिमानच वाटे.

त्याचे फळही मिळाले, असे सर्वांचे मत होते. डोळे मिटून ऐकले तर गुरू कोण आणि शिष्य कोण, हे ओळखू येत नसे. त्यातही तो उंबरा! बुवा भूप गाताना वरच्या षड्जाकडे चढत, अगदी त्याच्या अलीकडे क्षणभर थांबत, आणि मग षड्ज लागे. देवघरात शिरताना माणूस उंबऱ्याशी थबकतो, तसे बुवा षड्जाशी थबकतात, असा रसिकांनी त्याचा अर्थ लावला होता, आणि त्या थांबण्याला 'बुवांचा उंबरा' असे नावही देऊन टाकले होते. भार्गवाने तो तंतोतंत उचलला होता. तो आला की माना डोलत आणि "वा, उंबरा!" असा हुंकार उठे.

बुवांनी अंथरूण धरल्यावर भार्गव रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसून गाऊ लागला. एके दिवशी भूप रंगात आला, आवाज चढत गेला, उंबरा आला, आणि बुवांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केले. मग त्यांनी पत्नीला हाक मारली. "माई, तंबोऱ्याला गवसणी घाला."

भार्गवाचे बोट तारेवरच राहिले. "बुवा, माझं काही चुकलं का?"

"उद्यापासून इथे गायचं नाही. बाहेर जा. ज्याला ज्याला आपण वाईट म्हणालो, ते सगळं ऐक. आल्यावर मला एवढंच सांग, की गाणारा श्वास कुठे घेतो."

"पण आता अशा वेळी तुम्हाला सोडून..."

"जा म्हणतो ना!" एवढे बोलताना बुवांना अशी ढास लागली की माईंनी त्यांची पाठ चोळत भार्गवाला हातानेच जायला सांगितले.

भार्गव घरी जाऊन ढसाढसा रडला. आयुष्य ज्यांच्या पायाशी घातले, त्यांनीच शेवटच्या घटकेला आपल्याला नालायक ठरवले, असे त्याला वाटले. परंतु आज्ञा ती आज्ञा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गावाबाहेर उतरलेल्या तमाशाच्या फडावर तालीम ऐकायला गेला. तंबूच्या कनातीशी तो असा अंग चोरून उभा होता की गाणाऱ्या बाईने विचारलेच, "काय पाव्हणं, काही हरवलंय का?"

परत आल्यावर त्याने सांगितले, "बाई श्वास चोरून घेते. ढोलकी तोडा वाजवते, सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं, तेवढ्यात ही छाती भरून घेते. मग लांब ओळ एका दमात म्हणते. कुठे तुटत नाही."

बुवा "हं" म्हणाले.

मग तो दर्ग्यात कव्वाली ऐकायला बसला. तिथे एकाचा दम सरत आला की शेजारचा त्याच्या तोंडातला शब्द उचले. माळावर धनगर ढोलांच्या तालावर ओव्या म्हणत होते. तिथे एका बाजूचे मन भरून गात, पार रिकामे होत, आणि खुशाल थांबत. दुसऱ्या बाजूला माणसे उभी आहेत याची त्यांना खात्री होती. ते ऐकताना भार्गवाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि ते कशासाठी हे त्याला कळेना. आपण चोरी करतो आहोत असे वाटे, आणि निघावेसेही वाटत नसे. इकडे बुवा दिवसेंदिवस वाळत चालले होते. परतताना घर दिसू लागले की त्याची पावले जड होत.

अखेर एका संध्याकाळी बुवांनी विचारले, "एवढ्या सगळ्यांत ओळीच्या मधोमध, चढता चढता श्वास तोडणारा कुणी भेटला?"

भार्गवाने आठवून पाहिले. "नाही बुवा. कुणीच नाही."

"मग तू का तोडतोस?"

"तो उंबरा आहे बुवा. तुमचाच."

बुवा एकेक शब्द ओढत म्हणाले, "तो उंबरा नाही रे. तो माझा दमा आहे. भर बैठकीत पहिल्यांदा दम तुटला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला. आणि समोरून वाहवा आली. मी गप्प बसलो. तू आलास, तोवर त्याचं बारसंही झालं होतं. तुझी छाती धडधाकट आहे भार्गवा, आणि तू माझं दुखणं गातोस. पण हे आधी सांगितलं असतं, तर म्हातारा विनयाने बोलतोय म्हणून तू मलाच नमस्कार केला असतास. ज्याने एकच श्वास ऐकला, त्याला तो तुटका आहे हे कळणार कसं? आणि बाहेरचं दार तर मीच लावून घेतलं होतं. ऐकलंस तर मला सोडून जाशील, ही भीती. बाटण्याबिटण्याचं काही नव्हतं त्यात."

त्यांनी माईंना तंबोरा काढायला लावला. भार्गव गायला बसला. सारा जीव एकवटून तो षड्जाकडे चढला, आणि अगदी अलीकडे त्याचा गळा आपोआप थांबला. त्याने पुन्हा गायले. पुन्हा तेच. त्याला हुंदका आला. बुवांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "आता उद्या बँडवाल्यांकडे जा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भार्गव एका वरातीमागून चालत होता. क्लॅरिनेटवाल्याच्या गालांकडे बघत होता. तेवढ्यात बुवांच्या शेजारी राहणारा एक गृहस्थ गर्दीतून वाट काढत आला आणि त्याने भार्गवाचा दंड धरला. भार्गव घरी पोहोचला तेव्हा बुवांना अंगणात आणून ठेवले होते.

बुवांच्या घरी शोकसभेला सारे रसिक जमले. भार्गवाने भूप लावला. आवाज चढू लागला तशी सभा सावरून बसली, कारण आता उंबरा येणार होता. तबलजीने एक तुकडा घेतला, साऱ्यांचे लक्ष तिकडे वळले, आणि फडावरच्या त्या बाईसारखी भार्गवाने चोरून छाती भरून घेतली. मग तो चढत गेला तो न थांबता, थेट षड्जावर. तिथे तो आवाज कितीतरी वेळ उभा राहिला. सभेतून हुंकार उठला नाही. निघताना रसिक हळहळत होते. "गायला बरा, पण उंबरा विसरला. बुवांबरोबर बुवांचं गाणंही गेलं म्हणायचं."

भार्गव मान खाली घालून तंबोऱ्याला गवसणी घालत होता. सगळे गेल्यावर माई भिंतीचा आधार घेत उठल्या आणि त्याच्यापाशी येऊन बसल्या. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा बुवा तरुण होते. त्या वेळचे ऐकणारे आता दुसरे कुणी उरले नव्हते.

"दमा लागायच्या आधी," माई म्हणाल्या, "हे अस्संच गायचे."

भार्गवाने गवसणीची गाठ सोडली आणि माईंसाठी तो भूप पुन्हा पहिल्यापासून गायला.