पानावर पाय रोवून बसलेली अक्का

एका गावात म्हशी डुंबायचं एक डबकं होतं आणि त्या डबक्यात एक जंतू राहत होता. नाक मुरडू नका. त्याचे चुलते तुमच्या पोटात सुखाने नांदताहेत, आणि तुम्हाला विचारून आलेले नाहीत.

जंतूच्या पोटात एक लांबलचक पोथी होती. शिकलेली माणसं तिला डीएनए म्हणतात, आणि म्हणून झालं की चष्मा पुसतात. आत जे काही बनायचं ते या पोथीवरून. पान उघडं असलं की त्याची चिठ्ठी उतरायची, चिठ्ठी गेनबा आचाऱ्याकडे जायची आणि गेनबा त्याबरहुकूम प्रथिन रांधायचा. पान झाकलेलं असलं की चिठ्ठीही नाही आणि रांधणंही नाही.

पोथीच्या एका पानावर एक म्हातारं प्रथिन पाय रोवून बसलेलं असे. विषावरचा उतारा, म्हणून नाव उतारा अक्का. मिठीत तिचा धाकटा भाऊ, विखार. हा जातिवंत विष. सुटला की गेनबाच्या चिठ्ठ्या टराटरा फाडायचा. चिठ्ठ्या संपल्या की चुली थंड, आणि चुली थंड की जंतू आडवा. अक्काच्या मिठीत मात्र गरीब गाय. शिवाय भाऊ मिठीत असला की अक्काचा पायही पानावर जास्त घट्ट बसे.

"अक्का, जरा सैल सोड की. पाठ अवघडली," विखार म्हणायचा.

"माझी कधीची अवघडलीय. गप बस."

विखार दणकट, झिजायचं नाव नाही. अक्का नाजूक. त्यात कातरमामा रोज फेरी मारायचा. झिजलेलं प्रथिन दिसलं की कातरायचं, हे त्याचं काम. अक्काचं आज एक बोट जाई, उद्या दुसरं.

अक्का दमली होती. तिचं ते दमणंसुद्धा आता जुनं झालं होतं. पण पाय उचलायचा धीर होत नव्हता. तिची पक्की समजूत अशी, की या पानावर एकट्या विखारचीच कृती लिहिलेली आहे. पान उघडलं की दुसरा विखार, तिसरा विखार, आणि मिठी घालायला हात दोनच. एकदा वाकून वाचावं, हे तिच्या डोक्यात कधी आलं नाही. पंचायतीच्या खुर्चीवर बसणाऱ्यांच्याही येत नाही, तिला कशाला हसायचं?

उन्हाळ्यात डबकं आटलं. अन्न तुटलं तसा कातरमामा चवताळला. एके दुपारी अक्काची कोपरं गेली, मिठी ढिली पडली आणि विखारचा एक हात बाहेर निघाला. समोरून चिठ्ठी चालली होती. टर्र!

"अहो अक्का!" गेनबा ओरडला. "आवरा तुमच्या रत्नाला! पाचातल्या तीन चुली विझल्या!"

"आवरतेय," अक्का म्हणाली. तिचा आवाज तिलाच धड ऐकू आला नाही.

"काय आवरताय? कोपरं कुठायत तुमची? पाय उचला, पान उघडा."

"आणि आणखी विखार जन्माला घालू? शहाणाच आहेस."

गेनबाने कपाळावर हात मारला. "अक्का, तुम्ही काय आभाळातून पडलात? याच पानावरून रांधलंय तुम्हाला, मीच! आधी तुमची कृती, मागून त्याची. तुमची रांधायची दोनदा, त्याची एकदा."

अक्काच्या मनात दोन विचार आले. गेनबा खोटं बोलत असेल तर सगळं संपलं. खरं बोलत असेल तर इतके दिवस ती आपल्याच सुटकेवर बसून होती. दोन्ही विचार सारखेच जड. तेवढं ओझं उचलायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

तिने पाय उचलला.

चिठ्ठी उतरली. विखार झेपावला. अक्का उरल्यासुरल्या हाताने त्याच्या मानेला लोंबकळली आणि चिठ्ठी कशीबशी चुलीपर्यंत पोचली. चुलीवरून एक नवी अक्का उतरली, पाठोपाठ दुसरी. तरण्याताठ्या, कोपरं शाबूत. दुसरीने थोरल्या विखारला कवेत घेतलं. मागून एक कोवळा विखार आला, त्याला पहिलीने दारातच धरलं.

मग पहिली पानाशी आली. "आजी, सरका."

"वाच आधी. मग पाय ठेव."

पोरगी वाकली. वाचता वाचता तिला हसू फुटलं. मग तिने पाय ठेवला.

कातरमामा जवळ येऊन घुटमळला. "अक्का, आता?"

"ये बाबा. पाठ फार दुखतेय."

संध्याकाळी अक्काच्या तुकड्यांचं गेनबाने काहीतरी नवं रांधलं. काय, ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याला आवरायचं काम एकट्याने मरेस्तोवर ओढू नये. दमलात की पाय उचला. तुमच्या मदतीची माणसं बऱ्याचदा तुमच्याच पायाखाली अडकलेली असतात.