लिंबोणीला वळसा

डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. तिथे वासुदेव नावाचा सुतार राहत असे. त्याच्या वडिलांची, आबांची, नजर गेली होती. घरासमोरच्या हिरवळीवर अनवाणी फिरणं हाच त्यांचा विरंगुळा. पायाखाली गवत असेपर्यंत ते निर्धास्त चालत. कोरडी माती लागली, की हिरवळ संपली असं समजून मागे वळत.

उन्हाळा वाढला तशी हिरवळ पिवळी पडू लागली. वासुदेव आणि त्याची बायको सगुणा बादल्या वाहून थकली, तरी पाणी पुरेना. आबा फिरून आले, की तळपाय चोळत बसत.

"टोचतं रे आता," एवढंच म्हणत.

शेवटी वासुदेवाने पंप आणला, पाइप आणि फवारे आणले. विहीर साऱ्या आळीची होती, शेजारच्या मथुराकाकूंच्या परसापलीकडे. पाइपची सरळ वाट त्या परसातून, काकूंच्या लिंबोणीखालून जात होती. काकू मात्र लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी गेल्या होत्या.

"काकू कधी येतील कोण जाणे," सगुणा म्हणाली. "माती सारखी केली, की त्यांना कळायचंही नाही. आबांचे हाल बघवत नाहीत हो."

वासुदेवाने कुदळ घेतली. लिंबोणीपाशी दोन-चार घाव घातले, तोच मातीतून कोवळी मुळं वर आली. झाड तर लिंबांनी लगडलेलं. तो थांबला.

"मुळं तुटली, तर सगळी फळं गळतील. आणि काकूंना कळेल न कळेल, मला तर कळेलच ना!"

त्याने मुळांवर माती लोटली, पाणी घातलं आणि काकूंच्या परसाला वळसा घालून स्वतःच्याच कुंपणाच्या आतून चर खणायला घेतला. तिथे सगळा खडक. सगुणा आधी कुरकुरली, मग पदर खोचून दगड उचलू लागली.

वळशाने का होईना, पाणी आलं. पंप सुरू झाला, फवारे उडाले. पण एवढ्या वळणांनी जोर कमी पडला. काकूंच्या कुंपणालगतचा कोपरा कोरडाच राहिला. आबा तिथवर जाऊन मागे वळत.

"अर्धी का होईना, हिरवळ मऊ झाली," वासुदेव म्हणाला आणि त्यातच त्याने समाधान मानलं.

काही दिवसांनी काकू परतल्या. दगडांचा ढीग पाहून त्यांनी विचारलं, "अरे, एवढा वळसा कशाला? माझ्या परसातून यायचं की!"

"तुम्हाला विचारल्याशिवाय कसं येणार, काकू? शिवाय लिंबोणीची मुळं होती मध्ये. तरी चार घाव घातलेच मी. चुकलं माझं."

काकूंनी झाडाखालची सारखी केलेली माती पाहिली, वरची लिंबं पाहिली. मग म्हणाल्या, "माझ्या न्हाणीच्या भिंतीलगत मोकळी जागा आहे. तिथून घाल पाइप. वाट जवळची आहे आणि झाडालाही धक्का नाही. एक फवारा माझ्या कुंपणावर बसव, म्हणजे तुझा तो कोरडा कोपराही भिजेल."

तसंच केलं. पंप सुरू होताच पाणी जोरात उसळलं. हळूहळू कोपरा हिरवा झाला.

एका सकाळी आबा नेहमीच्या जागी पोचले आणि वळायला थांबले. पुढे पाय टाकून पाहिला, तर गवत. आणखी एक पाऊल, तिथेही गवत. ते हसत हसत थेट काकूंच्या कुंपणापर्यंत गेले आणि त्यांनी हाक मारली, "मथुरा, आहेस का गं घरात?"

तात्पर्य एवढंच: आपली नड कितीही खरी असली, तरी शेजाऱ्याच्या पाठीमागे त्याच्या अंगणात कुदळ घालू नये. ज्याचं आपण राखतो, तो आपल्यासाठी आपणहून वाट करून देतो.