कणगीमागची जाई

एका गावात एक जाईची वेल होती आणि तिची एक मालकीण होती. मालकिणीचे नाव अंबूबाई. वेल दारातल्या कुंडीत होती, पण तिची फुले मात्र अख्ख्या आळीची. पहाटे जो उठेल तो परडी घेऊन यायचा. देवाच्या फुलांना कोण कुणाला विचारतो? अंबूबाई उठेपर्यंत वेलीवर नुसती पाने उरायची. सगळ्यांत आधी यायच्या त्या शेजारच्या यमुनाकाकू.

त्या वर्षी अंबूबाईंच्या घरी सून आली. शालन तिचे नाव. तिची पहिली मंगळागौर श्रावणात होती. अंबूबाईंनी पाणवठ्यावर सगळ्यांसमक्ष सांगून टाकले, "माझ्या सुनेच्या मंगळागौरीला येणाऱ्या प्रत्येकीच्या केसांत माझ्या जाईचा गजरा असेल."

बोलून गेल्या आणि मग काळजीत पडल्या. आळीने फुले ठेवली तर गजरे होणार ना! त्यांनी सरळ कुंडी उचलली आणि माजघरात आणून ठेवली. वेल चढायला आढ्याला सुतळी बांधली. माजघराची खिडकी यमुनाकाकूंच्या अंगणात उघडायची. ती लावून घेतली आणि तिच्यापुढे धान्याची कणगी सरकवली.

"सासूबाई, जाईला ऊन लागतं," शालन म्हणाली. "खिडकी उघडू का?"

"उघड की. उन्हाबरोबर काकूंचा हातही आत येईल."

अंबूबाईंनी वेलीचे लाड केले. तांदळाचे धुवण घातले, पाने ओल्या फडक्याने पुसली. वेल सुतळीवर चढली, फडताळावरून फिरली, कणगीमागे शिरली. पाने कशी हिरवीगार! कळी मात्र एक नाही. आषाढ सरला, श्रावण आला. संध्याकाळ झाली की माजघरात जाईचा वास दरवळायचा. अंबूबाई दिवा घेऊन पानन् पान उलटून बघायच्या. वास आहे आणि फूल नाही, म्हणजे काय म्हणावे? त्या रडकुंडीला आल्या.

मंगळागौर उद्यावर आली. पाणवठ्यावरचे बोलणे आता सुनेच्या अंगावर येणार होते. नव्या नवरीला सासरची पहिलीच थट्टा आपल्यामुळे ऐकावी लागणार, याचे त्यांना फार वाईट वाटले. शेवटी मान खाली घालून त्या शेजारी फुले मागायला गेल्या.

काकूंच्या अंगणात पाऊल टाकले आणि त्या जागच्या जागी थबकल्या. खिडकीच्या फळीला खाली बोटभर फट होती. त्या फटीतून वेल उजेडाकडे निघून आली होती. कुणीतरी तिला काटक्यांचा छोटा मांडव घातला होता, आणि मांडव कळ्यांनी लगडला होता.

"काकू, तुम्ही तोडल्या नाहीत?"

"दारात होती तेव्हा आळीची होती. आमच्याकडे आली ती पाहुणी," यमुनाकाकू म्हणाल्या. "पाहुणीची वेणी कुणी ओढतं का? आणि तू गजऱ्यांचं बोलली होतीस. देवालासुद्धा खाली पडलेली तेवढीच वाहिली."

"मग मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं, तर तू तिला ओढून आत नेली असतीस."

 अंबूबाईंना हसू आले आणि डोळेही भरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघींनी मिळून कळ्या खुडल्या. शालनने गजरे गुंफले. पूजेला आलेल्या एकीचेही केस रिकामे राहिले नाहीत. पहिला गजरा अंबूबाईंनी स्वतःच्या हाताने काकूंच्या अंबाड्यात माळला. काकू म्हणाल्या, "जरा सैल माळ, टोचतंय." तरी त्या संध्याकाळभर तो चाचपून बघत होत्या.

मग कणगी हलली आणि खिडकी उघडली. कुंडी आजही माजघरात आहे, खिडकीच्या अगदी कडेला. पहाटे परडी आली की आतून अंबूबाईंचा आवाज येतो, "खालची न्या, वरच्या कळ्या राहू द्या." आणि लोक खरेच राहू देतात.

तात्पर्य: शेजाऱ्याचा हात अडवायला खिडकी लावली, तर उजेड अडतो आणि फूलही येत नाही, म्हणून आवडती वस्तू कोंडून नव्हे, चार माणसांवर विश्वास टाकून जपावी.