सटवाजीचा दरबारी हात

फार जुन्या काळची गोष्ट. किती जुनी म्हणाल, तर राजेलोक लढायांना कंटाळले होते, इतकी जुनी. एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती आणि मधल्या बेटावर हिरवंगार कुरण होतं. त्या कुरणापायी दोन्हीकडच्या आज्यापणज्यांनी पुष्कळ डोकी फोडून घेतली. शेवटी कुणा शहाण्याने तोडगा काढला, की दर दसऱ्याला चेंडूफळीचा डाव मांडावा आणि जो जिंकेल त्याच्याच गुरांनी वर्षभर कुरणात चरावं.

डाव सोपा होता. एकाने चेंडू फेकायचा, समोरच्याने लाकडी फळीने तो टोलवायचा आणि धावा जमवायच्या. टोला हुकला की फळी दुसऱ्याच्या हाती. म्हणजे सगळी मदार फेकणाऱ्यावर.

अलीकडच्या काठावर सटवाजी नावाचा गडी होता. जोंधळ्यात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायची, हेच त्याचं लहानपणापासूनचं काम. त्याला गोफणसुद्धा लागत नसे. ढेकूळ उचलायचं आणि नुसत्या हाताने भिरकावायचं. ज्या कणसाकडे बघेल त्याच कणसाजवळ ते पडायचं. एका दसऱ्याला गावकऱ्यांनी त्यालाच डावात उभा केला. पलीकडचे फळीवाले, चेंडू आला कधी आणि गेला कधी, हेच एकमेकांना विचारत राहिले. कुरण अलीकडे आलं आणि पुढची काही वर्षं अलीकडेच राहिलं.

हरलेला माणूस रुसतो. पलीकडचा राजा मात्र रुसला नाही. त्याने नजराणा पाठवला. हात ठेवायला रेशमी झोळी, हातावर धरायला छत्री, छत्री धरायला माणूस आणि चंदनी तेलाची घागर. सोबत निरोप होता, "असा हात पुन्हा होणे नाही. जिवापाड जपा."

शत्रूने एवढं केल्यावर आपल्या राजाने मागे कसं राहायचं? त्याने दवंडी पिटवली, की सटवाजीचा उजवा हात आजपासून दरबारचा. हात चोळायला वैद्य आला, वारा घालायला सेवक आले. त्या हाताने तांब्या उचलायचा नाही, ढेकूळ तर मुळीच नाही. चेंडू धरायचा तो थेट दसऱ्याला.

सटवाजी आधी लाजला. मग त्याला बरं वाटू लागलं. पुढे पुढे तर तो 'आम्ही आणि आमचा हात' असं बोलायला लागला. लोक पहिला मुजरा हाताला करायचे आणि सवड असली तर त्याला. पंगतीत तो डाव्या हाताने जेवायचा. शेजारचे नाक मुरडायचे, पण झोळीकडे बघून गप्प बसायचे.

एके सकाळी म्हशीने दावं तोडलं. त्याची बायको सगुणा ओरडली, "आवं, धरा तिला."

"हात दरबारचा हाय, सगुणा. वैद्यबुवांना इचारावं लागंल."

"हात दरबारचा असंल, म्हस तर आपली हाय न्हवं?"

वैद्यबुवा झोपले होते. ते उठेपर्यंत म्हैस शेजाऱ्याची कडब्याची गंजी अर्धी करून, रवंथ करत परत आली.

"मला येक सांगा," सगुणा म्हणाली. "तुम्ही ज्याला हरवलं, त्योच तुमच्या हाताला त्याल का धाडतोय?"

"कौतुक हाय त्याला."

"लई मोठ्या मनाचा दिसतोय," असं म्हणून ती पाखरं हाकायला निघून गेली, कारण ते काम आता तिच्याच गळ्यात पडलं होतं.

दसरा आला. वाजतगाजत हात मैदानावर आला. झोळी उतरली, शिंगं फुंकली गेली. पहिला चेंडू सटवाजीच्याच पायाजवळ पडला. दुसरा राजाच्या शामियान्यात शिरला आणि प्रधानजींचं पानाचं तबक घेऊन खाली आला. तिसरा इतक्या सावकाश गेला, की समोरच्याने घाम पुसला, कुठे टोलवायचा ते ठरवलं आणि मग टोलवला. कुरण गेलं.

छत्री सगळ्यांत आधी गेली. सेवक गेले, वैद्यबुवा गेले आणि जाताना उरलेलं तेलही घेऊन गेले. सटवाजीला त्याचं काही वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी गावची गुरं चाऱ्यासाठी लांबच्या डोंगराकडे निघाली, तेव्हा एक म्हातारा गुराखी त्याच्यापाशी थांबला आणि अगदी साधेपणाने म्हणाला, "गुरांचं पाय दुखत्याल आता. तुझा हात कसा हाय?"

त्या प्रश्नाने सटवाजी मेल्याहून मेल्यासारखा झाला.

रात्री सगुणाने ताट वाढलं. त्याने सवयीने डावा हात पुढे केला. तिने ताट उजवीकडे सरकवलं. उजव्या हाताने भाकरी तुटेना. आमटी धोतरावर सांडली. त्याला रडू फुटलं.

"मी पार वाया गेलो, सगुणा."

"वाया न्हाई, आळशी झालाय त्यो हात. उद्या माळ्यावर चला. पाखरास्नी दरबार ठावं न्हाई."

पहिले काही दिवस पाखरं उडायची सोडून, ढेकूळ कुठे पडतंय ते बघत बसायची. सटवाजी मुकाट्याने फेकत राहिला. जोंधळा निघाला, हरभरा आला. तो फेकतच होता. खांदा ठणकायचा, सगुणा घरचं करडईचं तेल चोळायची आणि सकाळी परत माळ्यावर धाडायची. हळूहळू पाखरं पुन्हा शेजारच्या शेतात जेवायला जाऊ लागली.

पुढचा दसरा जवळ आला तशी पलीकडच्या राजाला कुणकुण लागली. त्याने खास हातासाठी एक छोटी पालखी करवून घेतली आणि जासुदाबरोबर पाठवली. जासूद बांधावर उभा राहिला आणि गळा साफ करून म्हणाला, "श्रीमंत हातसाहेबांच्या सेवेशी..."

तेवढ्यात जोंधळ्यावरून एक ढेकूळ आलं. पगडी उडून पलीकडच्या बांधावर पडली. केसाला धक्का लागला नाही.

"माफ करा," लांबच्या माळ्यावरून सटवाजीचा आवाज आला. "तुऱ्यामुळं मला पाखरू वाटलं."

जासुदाने बोडक्या डोक्यावरून हात फिरवला. माळा किती लांब आहे ते एकदा पाहिलं. पालखी खाली न टेकवताच त्याने भोयांना मागे वळवलं आणि राजापुढे जाऊन एवढंच सांगितलं, "महाराज, गुरांसाठी दुसरं कुरण बघायला लागा."

तात्पर्य: कौतुकाच्या मखरात बसवलेलं कसब गंजतं, रोजच्या कामात राबवलेलं कसबच वेळेला उपयोगी पडतं.