काढून टाकले, काढून ठेवले

एकदा एक व्यापारी एका वृद्ध विमान-कारागिराकडे आला. त्याने दोन आसनांचे एक जुने विमान विकत घेतले होते. कापडाने मढवलेल्या पंखांच्या याच विमानावर त्याची आई तरुणपणी उड्डाण शिकली होती. आता तिची दृष्टी गेली होती. निदान हातांना तरी ते पूर्वीसारखे भेटावे, एवढीच त्याची इच्छा होती.

मधल्या काळात याच कारागिराच्या कारखान्यात विमानात दोन बदल झाले होते. वृद्धाने इंजिन बदलले होते. त्याच्या शिष्याने वैमानिकासमोरचा, उपकरणे बसवलेला लाकडी फलक काढून तेथे पत्र्याचा फलक व रेडिओ बसवला होता.

"दोन्ही पूर्ववत करणं परवडेल का?" व्यापाऱ्याने विचारले.

"फलकाचं काय, शेठ, हातभर फळी ती! आठ दिवसांत देतो," शिष्य म्हणाला. "इंजिनाचं मात्र अवघड आहे."

वृद्धाने विमानाकडे पाहिलेही नाही. त्याने कामाची नोंदवही मागवली, दोन पाने वाचली आणि म्हणाला, "इंजिन परवडेल. फलक परवडणार नाही."

"थट्टा करताय काय, मिस्त्री? एवढं धूड परवडतं आणि फळी परवडत नाही?"

वृद्धाने वही शिष्यापुढे धरली. "वाच. मोठ्याने."

"'जुने इंजिन काढून ठेवले. जुना फलक काढून...'" शिष्य थांबला.

"पुढे?"

"'टाकला.' भंगारात दिला, काका."

"इंजिन ग्रीस लावून पेटीत ठेवलेलं आहे, ते पुन्हा बसवता येईल. फलकाचं ना माप उरलं, ना आकृती. त्यावरची उपकरणं आज मिळवायची, तर दुसरं एखादं धडधाकट विमान मोडावं लागेल. रेडिओ बसवलास यात चूक नव्हती. तो आवश्यकच होता. पण परतीचा खर्च बदलाच्या आकारावर ठरत नाही. काढलेल्या वस्तूपुढे आपण कोणतं क्रियापद लिहिलं, त्यावर ठरतो." वृद्धाने त्या नोंदीखाली बोट टेकवले. "आणि ही सही माझी आहे. न वाचता केलेली."

फलक होणार नाही हे कळूनही चौथ्या दिवशी व्यापाऱ्याची आई मुलाचा हात धरून आली. आसनात बसताच तिचा हात सवयीने पुढे गेला आणि गार पत्र्यावर थबकला.

"इथं उंची दाखवणारी तबकडी होती. कुणी काढली रे?"

तिला शिष्य दिसत नव्हता. त्याला गप्प राहता आले असते.

"मी, आजी. काढून टाकली."

तिने तबकडीच्या जागी पत्र्यावर बोट टेकवले. मग म्हणाली, "पट्टी आण. इथून चार बोटांवर वेगाची होती. तिच्याखाली..."

ती बोटांनी जागा दाखवत गेली आणि शिष्य मान खाली घालून मापे लिहीत गेला. फलक कोणीतरी जपून ठेवला होता खरा. मात्र ज्यांनी ठेवायला हवा होता, त्यांनी नव्हे.