बटण बंद आहे

"मग मला कफनी का नाही, बाबा?"

मार्तंडनं हे उभ्याउभ्याच विचारलं. फकिरांच्या त्या मठीत, तकियात, दस्तगीरबाबांसमोर उभं राहून कुणी बोलत नसे.

म्हातारे फकीर निर्गुडीचा पाला निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"गेल्या महिन्यात आलेल्या त्या तांबोळ्याला दीक्षेची कफनी दिलीत. मी इथं झाडतो, पाणी भरतो, आजाऱ्यांची अंथरुणं धुतो. माझ्यात काय कमी आहे ते तोंडावर सांगा."

"कमी काही नाही."

"मग?"

बाबा पाला निवडत राहिले…

मार्तंड तालुक्याच्या पेठेतला नावाजलेला वायरमन. वडील गेले आणि थोरल्या भावानं, विश्वंभरनं, दुकानाच्या पाटीवरच्या मार्तंडच्या नावावर रंग फासला. मार्तंडनं हातातली पक्कड काउंटरवर आपटली, अंगावरच्या कपड्यांनिशी गावाबाहेरच्या या तकियात आला, आणि पुन्हा वायरला हात लावायचा नाही अशी शपथ घेतली. ती त्यानं पाळलीही होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ती सांगतही असे.

"काल विश्वंभर या रस्त्यानं गेला," तो म्हणाला. "गाडी हळू केली, माझ्या हातातला झाडू बघून हसला. पण माझ्या मनात काही म्हणजे काही हललं नाही. राग गेला माझा, बाबा. मुळासकट गेला."

"चांगलं झालं," बाबा म्हणाले. "आजाऱ्यांच्या खोलीसाठी कुणीतरी हत्यारांसकट पंखा आणून ठेवलाय. तेवढा बसव."

मार्तंडचे कान तापले.

"मी ते काम सोडलंय."

"ठाऊक आहे."

"मी शपथ घेतलीय!"

"घेतलीस खरी." बाबांनी एक किडकं पान बाजूला टाकलं. "खोलीत उकडतंय, मार्तंडा."

तो तरातरा निघाला. कोपऱ्यातली शिडी त्यानं अशी ओढली की ती फरशीवर किंचाळली.

आजाऱ्यांची खोली लांबट होती. भिंतीकडेला अंग लुळं पडलेले काशिराम पडून होते, आणि दाराशी ताप अंगात मुरलेली एक बाई. आजाऱ्यांची देखभाल करणारी जैतूनबी ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसत होती. वर पत्रा तापला होता. वैशाखातली दुपार होती.

"बसवताय का भाऊ? लई उपकार होतील," जैतूनबी म्हणाली.

मार्तंडनं मेन स्विच पाडून करंट तोडला आणि तो कामाला लागला.

हात काही विसरले नव्हते. कडीत दांडा अडकवला, पंखा लटकवला, भिंतीवरच्या लाकडी बोर्डात बटण बसवलं, शेजारी वेग कमीजास्त करायचा रेग्युलेटर. सगळं फटाफट. त्याच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. मला पुन्हा पक्कड धरायला लावतात. मला! सगळं टाकून आलेल्या माणसाला! प्रत्येक स्क्रू तो असा आवळत होता, जणू कुणाचा तरी कान पिळतोय.

भिंतीतून दोन तारा बाहेर आल्या होत्या. जुनं काम, दोन्हींचा रंग धुरानं एकसारखाच काळा. त्यातली एक त्यानं ओढली आणि बटणाला जोडली, दुसरी थेट पंख्याकडे दिली.

मेन स्विच वर केला. बटण दाबलं. पंखा कुरकुरला आणि फिरू लागला. काशिरामांनी डोळे मिटून घेतले. बटण उलटं दाबलं. पंखा थांबला.

"झालं," मार्तंड दारात आलेल्या बाबांना म्हणाला. "बघा. सांगितलेलं केलं. आता पुन्हा सांगू नका."

बाबांनी वर पाहिलं. दांड्यावरची वाटी खाली घसरली होती. वर तारांचे जोड उघडे दिसत होते.

"ती वाटी तेवढी वर सारायची राहिली."

"राहू द्या. पंख्याचं त्यावाचून अडत नाही."

"पाल पडेल आत," असं म्हणत बाबांनी कफनी गुडघ्यावर खोचली आणि शिडीवर पाय ठेवला. हा म्हातारा वर चढतोय, तर चढू दे, असं मार्तंडला वाटलं. त्यानं हाताची घडी घातली.

चौथ्या पायरीवरून बाबांनी विचारलं, "बटण बंद आहे ना?"

"बंद आहे."

बाबा आणखी वर गेले. त्यांनी हात उचलला. वाटीकडे जाणारी त्यांची लांब, सुरकुतलेली बोटं मार्तंड बघत होता… आणि एकाएकी त्याला आठवलं. ती तार. त्या दोन काळ्या तारांतली नेमकी कुठली?

"बाबा, हात मागे!"

आवाज इतका मोठा निघाला की जैतूनबीच्या हातातलं फडकं पडलं.

बाबांचा हात हवेत थांबला.

"बटण बंद आहे म्हणालास."

"बटण बंदच आहे. पण… वर करंट असू शकतो."

"असू शकतो की आहे?"

"माहीत नाही. बटण करंट आणणाऱ्या तारेवर लागतं. परत नेणाऱ्या तारेवर लावलं, तर पंखा थांबतो, पण करंट वर तसाच उभा राहतो. मी… मी बघितलंच नाही कुठली कुठली ते."

बाबा एकेक पायरी उतरले. मार्तंड वर चढला, उघड्या जोडाला टेस्टर टेकवला. टेस्टरातला बारीक दिवा लालभडक पेटला.

पंखा अगदी स्तब्ध होता.



मार्तंड खाली आला. मान ताठच होती.

"तुम्हाला कळलं होतं?"

"मला तारांतलं काय कळतंय?"

"मग चढलात कशाला?"

"तू म्हणालास, बंद आहे."

मार्तंडच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाच त्याला संताप आला.

"आता चूक झाली असं माझ्याकडून वदवून घ्यायचं असेल, तर मी म्हणणार नाही!" तो ओरडला. "हो, आहे मला राग! विश्वंभरचा आहे, तुमचासुद्धा आहे! तो हसला तेव्हा त्याला गाडीवरून खाली ओढावंसं वाटलं मला. काल रात्रभर झोपलो नाही मी! ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग हाकला मला!"

बाबा काशिरामांच्या अंथरुणाशी बसले आणि त्यांचा लुळा हात मांडीवर घेऊन चोळू लागले.

मार्तंडनं मेन स्विच पाडला आणि बोर्ड पुन्हा उघडला. या वेळी त्यानं घाई केली नाही. दोन्ही तारा मोकळ्या केल्या, लांब ठेवल्या, मेन लावून एकेकीवर टेस्टर धरला, मग पुन्हा मेन पाडून बरोबर ती तार बटणाला दिली. बोर्डाचं झाकण लावलं. मेन वर केला, बटण मात्र बंदच ठेवलं.

मग तो शिडी चढला. उघड्या जोडावर टेस्टर टेकवला. दिवा पेटला नाही. टेस्टर त्यानं खिशात टाकला, आणि बाबांच्या डोळ्याला डोळा भिडवून तो जोड नुसत्या चिमटीत धरला. जैतूनबी "या अल्ला" म्हणाली.

काही झालं नाही.

त्यानं वाटी वर सारली, स्क्रू आवळला, खाली उतरला, बाबांसमोर येऊन उभा राहिला. खाली बसला नाही.

"आता वर काही नाही," तो म्हणाला. "एक थेंब करंट नाही. हे खरं बंद. आता बोला काय बोलायचं ते!"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग घामानं निथळणाऱ्या त्या तापकरी बाईकडे पाहिलं.

"लाव की मग," ते म्हणाले.